घरं मोजली, बिऱ्हाडं राहिली

प्रोजेक्टच्या आराखड्यात ‘नमुना निवड’ या मथळ्याखाली एकच वाक्य होतं: ‘आम्ही रँडम पद्धतीने ४०० लोकांचा सर्व्हे करणार आहोत.’ हे वाक्य माझ्याकडे दर वर्षी येतं. विषय मोबाइलचा असो, कॅन्टीनचा असो की कचऱ्याचा, आकडा ४०० नाहीतर ३८४ असतो आणि ‘रँडम’चा अर्थ ‘जो भेटेल तो’ असतो. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर फील्ड प्रोजेक्ट आला आणि हे वाक्यही जोमाने वाढलं. या खेपेच्या सहा जणांनी मात्र ते शेवटी खोडलं. खोडेपर्यंत काय काय घडलं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढच्या गटाला तोंडी सांगता सांगता माझा घसा बसतो.

विषय त्यांचाच होता आणि चांगला होता. गटातल्या घणसोलीच्या मुलीच्या भावाला पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून तर आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असं सांगतात. मुलांचा प्रश्न असा: कोपरखैरण्यात किती घरांत पाणी उघड्या पिंपात साठवलं जातं, आणि ते पिंप गेल्या सात दिवसांत एकदा तरी रिकामं करून घासलं आहे का? बाहेरच्या माणसाला वाटेल, नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, इथे पिंपं कशाला लागतात? बैठ्या घरांवर चढवलेल्या दुसऱ्या मजल्यावर राहून बघा. खाली नळ धो धो वाहतो तेव्हा वर करंगळीएवढी धार येते.

चारशे कुठून आले

आधी तो आकडा. मुलांनी नमुना किती मोठा हवा हे काढायचं यामानेचं सूत्र वापरलं होतं: एकूण संख्या भागिले, एक अधिक एकूण संख्या गुणिले त्रुटीचा वर्ग. एकूण संख्या म्हणून २०११ च्या जनगणनेतली नवी मुंबईची लोकसंख्या घेतली होती, ११,२०,५४७. त्रुटी ५ टक्के. उत्तर ४००.

मी म्हटलं, आता अकरा लाखांच्या जागी पाच हजार घाला. उत्तर आलं ३७०. वर्ग गप्प झाला. लोकसंख्या दोनशे पटींहून जास्त घसरली आणि नमुना फक्त तीसने कमी झाला, याचं त्यांना नवल वाटलं. त्यात नवल काही नाही. आमटीत मीठ बरोबर आहे का हे पाहायला पातेलं मोठं म्हणून कोणी दोन वाट्या पीत नाही, आमटी ढवळलेली असली म्हणजे झालं. सूत्र हे ढवळणं गृहीत धरतं. प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी आहे, साधी यादृच्छिक निवड झाली आहे, हे त्यात आधीच मानलेलं असतं. ‘जो भेटेल तो’ला हे सूत्र लावणं म्हणजे तळाशी बसलेल्या आमटीची वरची तर्री चाखून मत देणं. शिवाय मुलांनी माणसं मोजली होती आणि पिंप असतं घरात. ही दुसरी चूक तेव्हा माझ्याही नीट लक्षात आली नाही. ती पुढे महागात पडली.

मग दुसरा हिशेब केला, जो खरं तर पहिला करायला हवा. माणसं सहा. मुलींनी एकटीने अनोळखी घरात जायचं नाही हा माझा नियम, म्हणजे जोड्या तीन. एक जोडी दिवसाला नीट आठ घरं करते. शनिवार-रविवार धरून सहा दिवस हातात. तीन गुणिले आठ गुणिले सहा, १४४. एवढंच होणार आहे. साध्या यादृच्छिक निवडीत १४४ ला ९५ टक्के विश्वासाने त्रुटी साधारण ८ टक्के येते. पाचाच्या ऐवजी आठ. मला ती चालते. प्रामाणिक १४४ हे भरताड ४०० पेक्षा कधीही बरे, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही ते पटवून देता येतं.

गूगल फॉर्मचे तीन दिवस

मी रजेवर असताना मुलांनी फॉर्म फिरवला. तीन दिवसांत २३१ उत्तरं. परत आले तेव्हा चेहरे असे फुललेले की बोलायलाही जिवावर आलं.

उत्तरं कुठून आली होती ते पाहिलं. दोन मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून बरीच, मग वर्गातल्या मुलांची, मग कोणाच्या तरी मावशीच्या भिशीच्या ग्रुपची. पिंप आहे का, या प्रश्नाला बहुतेकांचं ‘नाही’. असणारच. सोसायटीला जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, पंप चालवायला वॉचमन. तुर्भ्याचा मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या गल्लीत हा फॉर्म कोणाकडे गेलाच नाही. आमच्याकडे पिंप नसलेलं घर दाखवा.”

त्याच्या बोलण्यातच दोष सापडतो. ज्यांच्यापर्यंत फॉर्म सहज पोचतो त्यांच्याकडे पाणीही सहज पोचतं. पोचण्याची सोय आणि मोजायची गोष्ट एकमेकांत गुंतलेली असली की सोयीचा नमुना नुसता कमअस्सल राहत नाही, तो एकाच दिशेला ओढतो. २३१ ऐवजी २,३१० उत्तरं आली असती तरी चूक तेवढीच राहिली असती, फक्त आत्मविश्वास वाढला असता. आणि फॉर्म किती जणांनी पाहून सोडून दिला हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे प्रतिसादाचं प्रमाणही काढता येत नाही.

सोयीचा नमुना मी सरसकट मोडीत काढत नाही. प्रश्नावली तपासायला आम्ही तोच वापरला. कॅन्टीनमधल्या मावशी, शिपाईकाका, शेजारचे झेरॉक्सवाले. ‘पाणी साठवता का?’ या प्रश्नाला मावशी म्हणाल्या, “साठवत नाही गं, भरून ठेवते.” त्यांच्या लेखी साठवणं म्हणजे उन्हाळ्यात चार दिवसांचं करून ठेवणं, आणि रोज भरलेलं पिंप म्हणजे भरून ठेवणं. प्रश्नच बदलला: ‘आत्ता घरात पाणी कशाकशात भरलेलं आहे?’ आणि जमलं तर डोळ्यांनी पाहायचं, झाकण आहे की नाही. एवढी दुरुस्ती व्हायला चार माणसं पुरली.

यादीचा शोध

यादृच्छिक निवडीला यादी लागते. पुस्तकात हे एका ओळीत येतं, आमचे तीन आठवडे त्यात गेले.

जनगणनेच्या घरनिहाय नोंदी मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने त्या गोपनीय आहेत, आणि ते योग्यच आहे. मतदार यादी मिळते, भागवार, घर क्रमांकासह. मुलांनी उत्साहाने एका भागाची यादी छापून आणली आणि गल्लीत ताडून पाहिली. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. तुर्भे-वाशीच्या बाजार समितीत हमाली करणारी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडून आलेली. भाड्याने राहणाऱ्यांची नावं अजून गावच्या यादीत. मतदानाला ते एसटीने गावी जातात. म्हणजे ज्यांच्याकडे पिंपं असण्याची शक्यता जास्त, नेमके तेच यादीत नाहीत. यादी सोडली.

उपग्रहाच्या नकाशावरून छपरं मोजावीत ही दिघ्याच्या मुलाची कल्पना. छपरं मोजून झाली, पण एका छपराखाली किती चुली हे नकाशा सांगत नाही.

शेवटी मुलांनी स्वतः गल्ल्या चालून घरांची यादी केली. बैठ्या घरांच्या भागात ३० गल्ल्या, प्रत्येकीत १२ घरं, एकूण ३६०. सिडकोच्या आखणीची ही एक सोय, रांग सरळ असते. पूर्वचाचणीसाठी ३० घरं हवी होती. ३६० भागिले ३०, म्हणजे दर बारावं घर. पद्धतशीर नमुना. पहिलं घर चिठ्ठी टाकून ठरवायचं म्हणून एक ते बारा चिठ्ठ्या केल्या. एक नंबर आला.

सगळं पुस्तकाबरहुकूम. दुसऱ्या दिवशी नेरूळची मुलगी वहीतली टिपणं घेऊन आली. “मॅडम, तीसातल्या बावीस घरांना खाली दुकान आहे.” किराणा, सलून, पिठाची गिरणी, मोबाइल रिचार्ज. मला वाटलं, असेल बाजाराचा भाग. तिने वहीत गल्लीचं चित्र काढलं होतं, बारा चौकोन आणि पहिल्यावर फुली. दुसरी गल्ली, पहिल्यावर फुली. तिसरी, पहिल्यावर फुली. रांगेत घरं बारा, आमचं अंतर बारा, सुरुवात एकपासून. तीसच्या तीस घरं कोपऱ्याची.

कोपऱ्याचं घर म्हणजे दोन बाजूंनी उजेड, रस्त्याला तोंड, खाली गाळा. त्याची किंमत वेगळी, मालक वेगळा, आणि दुकानासाठी मोटार लावून वर टाकी भरलेली. आमच्या नमुन्यात गल्लीच्या मधलं घर एकही नव्हतं. चिठ्ठीवर सहा आला असता तर सगळी मधलीच घरं आली असती, तीही चूकच, पण कुणाला दिसली नसती. याची मला जास्त धास्ती वाटते.

उपाय सोपा निघाला. अंतर अकराचं केलं. अकरा आणि बाराला एकाशिवाय सामाईक अवयव नाही, त्यामुळे प्रत्येक गल्लीत निवड एक एक घर सरकत जाते, पहिलं, मग बारावं, मग अकरावं, दहावं. शाळेतला लसावि-मसावि असा कामाला येईल असं दिघ्याच्या मुलाला वाटलं नव्हतं.

इथे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची आठवण निघाली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, १९११ चा जन्म, नमुना सर्वेक्षणाच्या शास्त्रात जगभर मान मिळालेला मराठी माणूस. पीक कापणीचे प्रयोग करताना त्यांनी दाखवून दिलं की अगदी छोटे तुकडे कापून उत्पन्नाचा अंदाज केला तर तो फुगतो. कारण अगदी साधं. तुकड्याच्या काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत धरतो. तुकडा छोटा तितका काठ जास्त, आणि काठ जास्त तितकी फूग जास्त. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. दोघांचा वाद १९४० च्या दशकात चांगलाच रंगला. मुलांना मी एवढंच सांगितलं की बारा घरांची रांग हाही एक तुकडा आहे, आणि आपण फक्त काठ कापत होतो.

वर कोणी नाही

अंतर बदलून पुन्हा ३३ घरं केली. या वेळी मधली घरं आली आणि खरा घोळ समोर आला.

घणसोलीची मुलगी आणि तिची जोडीदार एका दारात उभ्या. मालकीणबाई खालच्या खोलीत. पिंप नाही, नळाला थेट टाकी. वर कोण राहतं? “वर कोणी नाही.” वरच्या कठड्यावर तीन दोऱ्या, त्यावर दोन वेगवेगळ्या कुटुंबांचे कपडे, एक शाळेचा गणवेश, आणि लोखंडी जिन्यावर निळं पिंप, वर फळीचा तुकडा ठेवलेलं. मुलगी चिकाटीची. तिने पुन्हा विचारलं. बाईंनी विचारलं, “तुम्ही अतिक्रमणवाल्या का?”

घोटाळ्याचं मूळ आमच्याच हातात होतं. मी प्रत्येक जोडीला कॉलेजचं पत्र दिलं होतं, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह. विश्वास बसावा म्हणून. गोल शिक्का पाहिला की लोकांना नोटीस आठवते, आणि वाढीव मजल्याच्या घरात मजले मोजणारी माणसं आली की तर विचारायलाच नको. दुसऱ्या दिवसापासून पत्र पिशवीत राहिलं. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र आणि पहिलं वाक्य डेंग्यूचं: “पावसाळ्यात तुमच्याकडे कुणाला ताप आला होता का, काकू?” दारं उघडली. मालकाला भाडं किती, करार आहे का, असले प्रश्न आम्ही कागदावरूनच काढून टाकले. आपल्या प्रश्नाला त्यांची गरज नव्हती, आणि एखाद्याला घर सोडावं लागेल असं काही आमच्या वहीत असायला नको होतं.

आता ती राहून गेलेली चूक. आम्ही घर निवडत होतो आणि घरात दार उघडणाऱ्याला विचारत होतो. दार उघडते तळमजल्यावरची मालकीण. पिंपं वरच्या मजल्यांवर. निवडायला हवं होतं बिऱ्हाड. मराठीत हा शब्द इतका नेमका असताना आम्ही ‘हाउसहोल्ड’चं भाषांतर ‘घर’ करून बसलो होतो. जनगणनाही कुटुंब ठरवताना एका चुलीवर जेवणारी माणसं धरते. एका घरात मालक आणि दोन भाडेकरू म्हणजे घर एक, बिऱ्हाडं तीन.

बरं, प्रत्येक घरातून चिठ्ठी टाकून एक बिऱ्हाड घेतलं तर? ते सुचलं तुर्भ्याच्या मुलाला, आणि तेवढ्याने भागत नाही हे दाखवायला मी फळ्यावर सोपे आकडे मांडले. समजा ६० घरं. त्यातल्या ३० घरांत एकच बिऱ्हाड, ३० घरांत तीन-तीन. प्रत्येक घरातून एक, अशी ६० उत्तरं. एकट्या बिऱ्हाडांपैकी ६ जणांकडे उघडं पिंप, तिबिऱ्हाडी घरांतल्यांपैकी १८ जणांकडे. सरळ बेरीज २४, साठातले ४० टक्के. पण तिबिऱ्हाडी घरातल्या माणसाला निवडलं जाण्याची संधी एक तृतीयांशच होती, त्याचं एक उत्तर तिघांच्या वतीने आहे. म्हणून त्याला तीनचा भार. सहा गुणिले एक आणि अठरा गुणिले तीन, मिळून साठ. खाली तीस आणि नव्वद, एकशेवीस. झाले ५० टक्के. तीच ६० उत्तरं, तीच वही, उत्तरात दहा टक्क्यांचा फरक. वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलंही या ठिकाणी फळ्याकडे पाहायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

मीटर मोजले

भार लावून काम झालं असतं, पण त्यासाठी प्रत्येक घरात किती बिऱ्हाडं हे कळायला हवं, आणि ते तर मालक सांगत नव्हते. मार्ग दाखवला त्या भागात घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी. त्यांनी कुणाचं नाव सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, “वरती किती चुली ते जिन्याखाली बघा.” जिन्याखाली, भिंतीवर, विजेचे मीटर. भाडेकरूचं बिल वेगळं यावं म्हणून बहुतेक मालक वेगळा मीटर घेतात. रस्त्यावरून चालता चालता मोजता येतात, दार वाजवावं लागत नाही.

मीटर म्हणजे बिऱ्हाड असं पक्कं नाही. गिरणीला वेगळा मीटर असतो, आणि काही ठिकाणी एका मीटरवर सबमीटर टाकून दोन बिऱ्हाडं चालतात. पण गल्लीचा आकार कळायला हा अंदाज पुरतो. मग आराखडा असा ठरला.

वस्तीचे तीन स्तर: बैठी आणि चढवलेली घरं, सोसायट्या, आणि कोपरखैरणे, खैरणे, बोनकोडे ही गावठाणं. प्रत्येक स्तरातून ८ समूह, प्रत्येक समूहात ६ बिऱ्हाडं. आठ गुणिले सहा अठ्ठेचाळीस, तीन स्तरांचे १४४. बैठ्या घरांत समूह म्हणजे गल्ली. ८ गल्ल्या निवडताना मीटरच्या प्रमाणात संधी दिली. गल्ल्यांच्या मीटरची एकाखाली एक चढती बेरीज मांडायची, एकूण बेरजेला आठने भागून अंतर काढायचं, पहिल्या अंतराच्या आतला एक यादृच्छिक आकडा घ्यायचा आणि पुढे अंतर मिळवत जायचं. ४० मीटरची गल्ली २० मीटरच्या गल्लीपेक्षा दुप्पट वेळा लागण्याची शक्यता. पण आत गेल्यावर ४० मधून ६ आणि २० मधून ६, म्हणजे बिऱ्हाडाची संधी निम्मी. दोन्ही गुणले की सगळ्यांना सारखीच संधी. समजा त्या भागात एकूण ९६० बिऱ्हाडं असतील, तर मोठ्या गल्लीतलं असो वा छोट्या, प्रत्येकाला ४८ भागिले ९६०, वीसात एक. भाराची भानगड जवळजवळ संपते. जवळजवळ म्हटलं, कारण एका गल्लीत मीटर ३० आणि प्रत्यक्ष बिऱ्हाडं ३६ निघाली. तिथे ३६ भागिले ३०, म्हणजे १.२ चा भार लावला.

याची किंमत मोजावी लागते. एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी असतात, एकाच पाइपवर असतात, त्यामुळे सहावं उत्तर पहिल्या पाचांपेक्षा फारसं नवं सांगत नाही. शून्य ते एक या मापावर गल्लीतलं साम्य ०.१ धरलं तर एक अधिक पाच गुणिले ०.१, म्हणजे १.५ पट तोटा. १४४ ची ताकद ९६ एवढीच. त्रुटी ८ वरून १० टक्क्यांवर. आणि एका स्तरात तर ४८ चे ३२ च उरतात, त्रुटी १७ टक्क्यांच्या घरात. म्हणून मुलांना बजावलं: दोन वस्त्यांत २५ टक्क्यांच्या आतला फरक दिसला तर ‘गावठाणात प्रमाण जास्त आहे’ असं लिहायचं नाही. हे ऐकून नेरूळची मुलगी हिरमुसली. तुलनाच तर तिला करायची होती. तुलना हवी म्हणूनच तिन्ही स्तरांना सारखे ४८ दिले होते, नाहीतर गावठाणाच्या वाट्याला जेमतेम वीस-बावीस आले असते. पण सारखे वाटले की पूर्ण कोपरखैरण्याची टक्केवारी काढताना प्रत्येक स्तराला त्याच्या खऱ्या आकाराचा भार द्यावा लागतो. सरळ सरासरी काढली की गावठाण फुगतं.

सोसायट्यांचं काम सोपं आणि कंटाळवाणं. सेक्रेटरी भेटले की फ्लॅटची यादी मिळते, यादीतून कॅल्क्युलेटरच्या रँडम बटणाने सहा. वॉचमनने आत सोडलं नाही असं दोनदा झालं, चहा पाजून परत पाठवलं असंही एकदा. गावठाणात घरांना क्रमच नाही. वाट कुठे संपते आणि कुणाचं अंगण कुठे सुरू होतं ते गावच्यालाच कळतं. तिथे मुलांनी हाताने नकाशे काढून चाळीस-चाळीस चुलींचे ढोबळ तुकडे पाडले, मंदिर, विहीर, शाळेची भिंत अशा खुणांनी. हे नकाशे सुंदर आहेत. अहवालातली मला सर्वांत आवडलेली पानं तीच.

कुलूप

आराखडा किती नेटका आहे ते बंद दारावर कळतं. कुलूप असलं की शेजारचं दार वाजवायचं, हा मोह फार मोठा. मी तो नियमानेच बंद केला: तीन खेपा, तीन वेगवेगळ्या वेळा, तरी नाही भेटले तर ‘भेट नाही’ अशी नोंद आणि पुढे. बदली घर नाही. दिवसभर कुलूप असलेल्या घरातली बाई कामाला जाते, पिंप भरायला तिला पहाटेच वेळ मिळतो. तिच्याऐवजी दुपारी घरी असणारी शेजारीण घेतली तर आपण पुन्हा गूगल फॉर्मच भरतोय.

वेळांचंही गणित इथे निराळं निघालं. संध्याकाळी सात ही नोकरदारांना गाठायची वेळ असं आम्ही धरून चाललो होतो. बाजारात रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला गाढ झोपेत असतो, आणि संध्याकाळी सातला जेवून निघायच्या तयारीत. त्याच्या घरी दुपारी चारला जावं. हे कोपरखैरण्याच्याच मुलाने सांगितलं, त्याचे वडील माथाडी. सहा जणांत तो सगळ्यात कमी बोलणारा. त्याला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

१४४ पैकी तीन खेपांनंतरही न भेटलेली बिऱ्हाडं १३, नकार ४. उरली १२७. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, “चारशे का नाही घेतले?” घणसोलीच्या मुलीने जोड्या, दिवस, आठ टक्के, दहा टक्के सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “आणि हे सतरा गेले कुठे?” तिने परिशिष्टाचं पान काढून दिलं: कुठली गल्ली, कितव्या खेपेला काय दिसलं, कुलूप की नकार. सतरापैकी अकरा वरच्या मजल्यावरची. म्हणजे आमचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच असावा, असं ती म्हणाली. परीक्षकांनी चष्मा काढून ते पान पुन्हा वाचलं. पिंपांचे आकडे मी इथे देत नाही, तो अहवाल मुलांचा आहे.

गल्ल्यांची आणि मीटरची वही मी विभागाच्या कपाटात ठेवली आहे, पुढच्या गटासाठी. परवा त्या बाजूने रिक्षाने जाताना पाहिलं, एका कोपऱ्याच्या घरावर विटांचा नवा थर चढतोय आणि खाली जिन्याजवळ मीटरसाठी लाकडी फळी ठोकून ठेवली आहे. वही शाईने लिहिली आहे. पुढच्या वर्षी पेन्सिलने लिहायला सांगणार आहे.